तीन इंच लिफ्ट आणि ३३ इंची टायर: रोजच्या पिकअपला हे घालू नका

पावसाळा तोंडावर आला की पिकअपवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो. मजकूर थोडक्यात असा: 'कोल्हापुरात रोज पिकअप चालवायची तर तीन इंच लिफ्ट किट (गाडी उंच करायचं साहित्य) आणि ३३ इंची मड टायर टाकाच. खड्डे जाणवत नाहीत, पावसात ग्रिप डबल, पुराच्या पाण्यातनं गाडी आरामात निघते, लोडही जास्त बसतो. आरटीओ काही म्हणत नाही.' खाली 'नाद खुळा' आणि उचललेल्या गाडीचा फोटो.

यातलं एकही वाक्य रोजच्या गाडीला लागू पडत नाही. इसुझूची व्ही-क्रॉस किंवा टोयोटाची हायलक्स असली नवी पिकअप घेतलेली पोरं हे वाचून मोठी रक्कम घालतात, आणि त्याच गाडीत घरची माणसं बसून गगनबावड्याला जातात. म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी खड्ड्यांचं बघू. बाजारात 'लिफ्ट' म्हणून जे स्वस्तात बसवून मिळतं ते बहुतेक वेळा पुढच्या स्प्रिंगवर ठेवलेला स्पेसर (उंची वाढवणारी चकती) आणि मागे ॲक्सल व पाट्याच्या (लीफ स्प्रिंगच्या) मध्ये घातलेला ठोकळा असतो. त्यात ना स्प्रिंग बदलते ना शॉकअप. गाडी उभी असतानाच चाक जास्त खाली लटकलेलं असतं, त्यामुळे खड्ड्यात चाकाला आणखी खाली जायला जी जागा हवी ती आधीच खर्च झालेली असते. चाक खड्ड्यात उतरताना शॉकअप शेवटच्या टोकाला जाऊन ठोकर देतो. म्हणजे ज्या त्रासासाठी पैसे घातले तोच वाढतो.

पिकअप रिकामी असताना आदळते याचं खरं कारण मागचे पाटे आहेत. ते हौद्यात माल असेल असं धरून बनवलेले असतात. रिकाम्या गाडीत वजन नसतं, पाटे दबत नाहीत आणि प्रत्येक खड्डा सरळ पाठीत येतो. अनेक गाड्यांच्या दरवाजाच्या खांबावर स्टिकर असतो, त्यावर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीसाठी हवेचे वेगळे आकडे दिलेले असतात. बरेच जण वर्षभर लोडची हवा ठेवून फिरतात. ती स्टिकरप्रमाणे कमी-जास्त केली तर जो फरक पडतो तो कुठलाही स्पेसर देत नाही, आणि त्याला एक रुपया लागत नाही.

स्पेसरचा दुसरा परिणाम गाडीखाली वाकून बघितल्याशिवाय कळत नाही. फोर बाय फोर गाडीचं पुढचं चाक ज्या ॲक्सल शाफ्टनं फिरतं त्याच्या दोन्ही टोकांना सीव्ही जॉइंट (शाफ्ट तिरका असला तरी चाक फिरवणारे सांधे) असतात, वर रबरी बूट. गाडी तीन इंच उचलली की शाफ्ट कंपनीनं ठरवलेल्या कोनापेक्षा तिरका होतो. बुटाच्या घड्या एका बाजूला ताणल्या जातात, दुसऱ्या बाजूला एकमेकींवर घासतात. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या गॅरेजात अशी गाडी खालून बघायला वर उचलली की चाकाच्या आतल्या बाजूला, रिमवर आणि ब्रेकच्या पाइपवर काळ्या ग्रीसचे शिंतोडे गोल उडालेले दिसतात. बूट फाटलेला असतो. त्या चिरेतून ग्रीस बाहेर गेलं, माती-पाणी आत गेलं, की जॉइंटचे दिवस भरले. वळताना येणारा कटकट आवाज त्यानंतरचा. बॉल जॉइंटही टोकाच्या कोनावर काम करतात, आणि अलाइनमेंट पूर्ण जागेवर आली नाही तर नवे टायर एका कडेनं खाल्ले जातात.

आता टायर. व्ही-क्रॉसच्या वरच्या मॉडेलला २५५/६० आर १८ येतात, त्यांचा व्यास सुमारे ७६३ मिलिमीटर. 'तेहतीस इंची' म्हणून विकल्या जाणाऱ्या २८५/७० आर १७ चा व्यास सुमारे ८३१. म्हणजे मागच्या ॲक्सलचा गोळा (मधला डिफरन्शियलचा फुगीर भाग) जमिनीपासून फक्त ३४ मिलिमीटर वर गेला. इथं एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी: लिफ्ट किटमुळे बॉडी आणि चेसिस वर जाते, पण मागचा गोळा जागच्या जागीच राहतो, तो फक्त टायरनं उठतो. बांधावरच्या दगडाला घासतो तो गोळाच.

या ३४ मिलिमीटरची किंमत अशी. चाकाचा घेर जवळजवळ नऊ टक्के वाढतो, म्हणून मीटरवर ८० दिसतात तेव्हा गाडी ८७ नं पळत असते. गिअर तेवढेच लांब होतात, भरलेल्या गाडीला करूळ घाट चढताना एक गिअर खाली टाकावा लागतो. चाक जड झालं की ते फिरवायला डिझेल आणि थांबवायला ब्रेक जास्त लागतो. आणि टायर वळताना मडगार्डच्या आत घासतो तो वेगळाच.

'पावसात ग्रिप डबल' हे वाक्य तर धोक्याचं आहे. मड टायरची नक्षी म्हणजे मोठी बटणं आणि त्यांच्यामध्ये रुंद मोकळ्या जागा. चिखलात ती बटणं रुततात आणि चिखल बाहेर फेकतात, हे खरं. ओल्या डांबरावर मात्र जमिनीला टेकणारं रबर कमी पडतं आणि बटणांवरच्या बारीक चिराही कमी असतात, त्यामुळे ब्रेक मारल्यावर गाडी जास्त अंतर घेते. ऊस तोडीच्या हंगामात ट्रॅक्टरच्या चाकांनी रस्त्यावर आणलेली माती आणि त्यावर पडलेला वळीव ज्यानं अनुभवलाय त्याला हे समजावून सांगायला नको. शिरोळ-हातकणंगल्याच्या काळ्या रानात ज्याची गाडी रोज उतरते त्यानं मड टायर जरूर घालावेत, कंपनीच्या मापात. बाकीच्यांनी मूळ मापातला एटी टायर (ऑल-टेरेन, डांबर आणि कच्चा रस्ता दोन्हीसाठीचा) घ्यावा. घेताना लोडचा आकडा मूळपेक्षा कमी नको: ११२ म्हणजे एका टायरला १,१२० किलो, १०९ म्हणजे १,०३०. बाजूवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं, तेही वाचा. दोन-तीन वर्षं गोदामात पडलेला टायर 'नवा' म्हणून घेऊ नका.

पुराबद्दल थोडक्यात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये शिरोलीजवळ महामार्गावर पाणी येऊन तो बंद पडला, तिथं मोठमोठे ट्रक उभे राहिले. असल्या पाण्यासमोर तीन इंच काहीच नाहीत. वाहतं पाणी दोन फूट असलं तरी पिकअप ढकलू शकतं, आणि खालचा रस्ता खचलाय का हे वरून दिसत नाही. हायलक्ससाठी कंपनी ७०० मिलिमीटर पाणी सांगते, पण तो आकडा पुराच्या ओढीसाठी नाही. बॅरिकेड लावलं असेल तर गाडी वळवा.

लोड वाढतो म्हणणाऱ्यांनी आरसी बुक काढून बघावं. पासिंगचं वजन चेसिस, ॲक्सल, ब्रेक यांवर ठरतं, उंचीवर नाही. उलट काही पिकअपना मागच्या ब्रेकसाठी लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. चेसिस आणि ॲक्सलमधलं अंतर बघून तो माल किती आहे हे ओळखतो. ठोकळा घालून अंतर वाढवलं की व्हॉल्व्हला गाडी रिकामी वाटते आणि तो मागच्या चाकांना कमी दाब सोडतो. भरलेली गाडी घाट उतरताना सगळा भार पुढच्या ब्रेकवर. शिवाय फाळका तीन इंच वर गेला. गुळाचे रवे (ढेपा) दिवसभर चढवणाऱ्या माणसाच्या कमरेला विचारा त्याचा अर्थ काय होतो.

राहिला आरटीओ. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीनं मूळ दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. नाक्यावर कुणी अडवलं नाही म्हणजे बदल मान्य झाला असं होत नाही. अपघातानंतर विम्याचा सर्व्हेअर गाडी बघतो तेव्हा हा प्रश्न पुढं येतो.

गाडीचं पोट खरंच घासत असेल तर आधी टेप घ्या. सपाट जागी, रिकाम्या गाडीत, हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत चारही बाजू मोजा आणि शोरूममधल्या तशाच नव्या गाडीशी ताडून बघा. जुन्या, लोड ओढलेल्या गाडीचे पाटे बसलेले निघण्याची शक्यता मोठी. चांगल्या पाटेवाल्याकडून पानं बदलून घ्या, शॅकलचे बुश आणि शॉकअप त्याच वेळी नवे टाका, यू-बोल्ट थोडं चालवल्यावर पुन्हा आवळून घ्या आणि मग अलाइनमेंट करा. कंपनीनं दिलेली उंची परत मिळते, आणि कायद्याला त्यात हरकत घ्यायला काही उरत नाही.