आत्याच्या मुठीतली तिकिटं

आज आत्याला जुहूला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. डोंबिवलीहून घाटकोपरपर्यंत लोकल, तिथून अंधेरीला मेट्रो, पुढे बेस्टची बस. घाटकोपरला मेट्रोच्या गेटपाशी तिने मुठीतलं तिकीट स्कॅनरवर ठेवलं. गेट उघडेना. उलटं करून ठेवलं, पदराने पुसून परत ठेवलं. मागे रांग खोळंबलेली. "अगं, तिकीट काढलंय ना आपण?" शहात्तर वर्षांची बाई घाबरून विचारत होती. तिने लोकलचं तिकीट ठेवलं होतं. मेट्रोचं दुसऱ्या मुठीत होतं.

तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहितेय. मुंबईची लोकल मुंबईच्या हातात द्या. लोकल, मेट्रो, बस, तिन्हींचं वेळापत्रक आणि भाडं ठरवणारं एकच प्राधिकरण हवं, आणि ते इथल्या लोकांना उत्तर देणारं हवं. रोज सत्तर लाखांहून जास्त माणसं ज्या गाडीने जातात, तिचं भाडं दिल्लीत का ठरावं?

१९९९ साली मुंबई रेल्वे विकास महामंडळ झालं. त्यात रेल्वेचा वाटा ५१ टक्के, राज्याचा ४९. पण ते प्रकल्प उभे करतं, लोकल चालवत नाही. म्हणजे पैसे आपण घालायचे आणि कुठली गाडी कधी सुटणार हे दुसऱ्याने सांगायचं. २०२२ मध्ये साध्या लोकलच्या जागी एसी आल्या, तेव्हा कळवा-बदलापूरच्या लोकांना निदर्शनं करावी लागली. मग त्या फेऱ्या मागे घेतल्या. आधी विचारायचं कुणाला सुचलं नाही?

आणि एल्फिन्स्टन स्टेशनवरची चेंगराचेंगरी. हे लिहिताना अजून हात थरथरतो. परळच्या गिरण्या गेल्या, तिथे टॉवर आणि ऑफिसं आली. त्यांना परवानगी देणारे वेगळे, स्टेशनचा पूल सांभाळणारे वेगळे. ऑफिसात माणसं हजारोंनी वाढली, जिना तेवढाच राहिला. २९ सप्टेंबर २०१७, पावसाची सकाळ, त्याच जिन्यावर २३ माणसं चेंगरून गेली. नवा पूल बांधायला लष्कर आणावं लागलं. टॉवर आणि जिना एकाच टेबलावर कधी आलेच नाहीत, त्याची ही किंमत.

हो, लोकल तोट्यात चालते, तो तोटा आज रेल्वे सोसते. शहराने घेतली तर तो भार येणार, आणि बेस्टची आर्थिक अवस्था काय आहे ते मलाही दिसतं. मान्य. कल्याणच्या पुढे त्याच रुळांवरून मेल आणि मालगाड्या जातात, हेही मान्य. पण रूळ मागतंय कोण? लंडनच्या वाहतूक प्राधिकरणाने २००७ मध्ये अशाच दुर्लक्षित उपनगरी गाड्या चालवायला घेतल्या, रूळ बहुतेक दुसऱ्याच संस्थेचे राहिले. माझी मावसबहीण तिथे असते. बस असो, भुयारी रेल्वे असो की ती लोकल, एकच कार्ड टेकवते आणि जाते.

आता एक ॲप आलंय, सगळी तिकिटं त्यात मिळतात. चांगलं झालं. आज मीही त्यावर काढू शकले असते. पण आत्या एरवी एकटी येते, तिच्याकडे बटणांचा फोन आहे. आणि ॲपने तिकिटं एकत्र आली, तरी लोकल पोचायची वेळ आणि बस सुटायची वेळ कोण जुळवणार?

गेटवरच्या सुरक्षारक्षक मुलीने "आजी, ते दुसरं ठेवा" म्हणत तिचा हात धरून आत घेतलं. देव तिचं भलं करो.

डॉक्टरांकडे नंबर यायची वाट बघताना आत्याने तिन्ही तिकिटं मांडीवर ठेवून सरळ केली, घडी घातली आणि बटव्यात ठेवायला लागली.

"येताना हीच चालतील ना गं?"

"नाही गं आत्या. परत तीन काढायची."