नॉबवरचा ३४ म्हणजे १९३४ नव्हे: त्या फॉरवर्डला माझं उत्तर

परवा रात्री साडेदहाला दादाचा फोन आला. दादा म्हणजे माझा चुलत भाऊ, ओहायोत कोलंबसला असतो. आवाजात एवढा आनंद की मला वाटलं पोरीचं लग्न ठरलं. म्हणाला, "अगं १९३४ ची बेसबॉल बॅट मिळाली, त्या नावाजलेल्या बेसबॉलपटू मिकी मँटलची, चारशे डॉलरला! आता सँडपेपर मारतोय, छाप काय सुंदर उठून दिसायला लागलीये." मी ओरडलेच, "दादा, हात थांबव आधी!"

झालंय असं की "जुनी बेसबॉल बॅट ओळखा दोन मिनिटांत" असा एक मेसेज फिरतोय, मला एकटीलाच आत्तापर्यंत चार जणांनी पाठवला. त्यात म्हटलंय की लुईव्हिल स्लगर या नावाजलेल्या अमेरिकी ब्रँडच्या बॅटच्या नॉबवर, म्हणजे हँडलच्या टोकाच्या गोळ्यावर, जो आकडा असतो ते बनवल्याचं वर्ष. बॅटवर ज्याची सही तो खेळाडू ती बॅट वापरायचा. १२५ छापलेलं असेल तर तशा फक्त १२५ बॅटी निघाल्या. लेबलवर हिलरिच अँड ब्रॅड्सबी हे कंपनीचं नाव असेल तर बॅट १८८४ च्या आसपासचीही असू शकते. आणि शेवटी, छाप पुसट असेल तर सँडपेपर मारून जवसाचं तेल चोळा. मी बारा वर्षं या बॅटी जमवतेय, त्यामुळे असलं काही वाचलं की राहवत नाही, आणि आता तर ते घरातच आलं.

नॉबवरचा आकडा आधी घेते, कारण सगळ्यात जास्त लोक इथेच फसतात. दादाला म्हटलं, वहिनीच्या शिवणाच्या डब्यातली टेप आण आणि बॅट टोकापासून टोकापर्यंत मोज. मोजली. चौतीस इंच, ना कमी ना जास्त. फोनवर शांतता. मग म्हणतो, "योगायोग असेल." अरे कसला योगायोग! दुकानात विकायला काढलेल्या बॅटीच्या नॉबवर कंपनी लांबी मारायची, इंचात, म्हणजे गिऱ्हाइकाला रॅकमधून हवी ती पटकन काढता यावी. आपल्याकडे क्रिकेटच्या बॅटवर साइज ६ लिहिलेलं असतं म्हणून कोणी ती २००६ सालची म्हणतं का?

आणि जरा डोकं चालवा ना मंडळी. हे आकडे वर्षाचे असते तर ४७, ५२, ६१ असे नॉबही दिसायला हवे होते, बरोबर? कोणी पाहिलेत? मी तरी फ्ली मार्केटांमध्ये, इस्टेट सेलमध्ये शेकडो नॉब उलटे करून बघितले, मोठ्यांच्या बॅटीवर ३२, ३३, ३४, ३५, क्वचित ३६, बस. नियमाप्रमाणे बॅट ४२ इंचांपेक्षा लांब असूच शकत नाही आणि प्रत्यक्षात एवढी लांब कोणी वापरतही नाही. या फॉरवर्डवाल्यांच्या हिशोबाने अमेरिकेतल्या जवळजवळ सगळ्या बॅटी १९३२ ते १९३६ मध्येच बनल्या आणि नंतर कारखाना बंद पडला असं मानायचं का? शिवाय मिकी मँटलचा जन्म २० ऑक्टोबर १९३१ चा. १९३४ मध्ये ते पोरगं जेमतेम तीन वर्षांचं. न्यूयॉर्कच्या यँकीज संघाकडून तो पहिल्यांदा खेळला १९५१ मध्ये. बॅटवर त्याची सही आहे हे दादाला दिसत होतं, आकडाही दिसत होता, पण मेसेजमध्ये लिहिलंय म्हटल्यावर दोन्हीचा मेळ घालून बघायचं सुचलंच नाही, चांगला इंजिनीअर माणूस आहे हो!

आता एक गोष्ट नाइलाजाने मान्य करते. नॉब बघा हा सल्ला पूर्ण खोटा नाही. साधारण १९४३ ते १९७५ या काळात व्यावसायिक खेळाडूंसाठी बनवलेल्या बॅटीच्या नॉबवर मॉडेल नंबर मारलेला असायचा, अक्षर आणि आकडा, जसं की आर ४३. १९७६ पासून तो नंबर बॅरलवर, म्हणजे चेंडू लागतो त्या जाड भागावर गेला. म्हणजे अक्षर-आकडा कुठे मारलाय यावरून काळ खरंच कळतो. पण तो आकडासुद्धा वर्ष नसतो! अक्षर म्हणजे ज्याच्यासाठी तो नमुना पहिल्यांदा बनला त्या खेळाडूच्या आडनावाचं पहिलं अक्षर, आणि आकडा म्हणजे त्या अक्षराखालचा कितवा नमुना. आर ४३ मधला आर म्हणजे जुना दिग्गज खेळाडू बेब रूथ, आणि ४३ चा १९४३ शी काही संबंध नाही, रूथ १९३५ मध्येच खेळायचा थांबला होता. पी ७२ तर सगळ्यात चांगलं उदाहरण. तो नमुना १९५४ मध्ये लेस पिंकहॅम नावाच्या मायनर लीगमधल्या, म्हणजे खालच्या पातळीवरच्या व्यावसायिक स्पर्धेतल्या, खेळाडूसाठी बनला, मोठ्या लीगमध्ये त्याला फारसं कोणी ओळखत नाही, पण पुढे यँकीजचा नामवंत खेळाडू डेरेक जीटर कारकीर्दभर तोच नमुना वापरत राहिला आणि २०१४ मध्ये जीटर निवृत्त झाला तेव्हा कंपनीने त्याच्या मानार्थ तो नंबरच काढून घेतला. यात १९७२ कुठे बसवणार सांगा.

हे कंपनीच्याच नोंदींतलं आहे. लुईव्हिल शहरातल्या कंपनीच्या संग्रहालयात एक कोठी आहे, तिथे तीन हजारांहून जास्त मूळ नमुने ठेवलेत, खेळाडूची ऑर्डर आली की त्याचा नमुना तिथे सापडायचा. मी दोनदा जाऊन बघून आलेय. ज्यांना शंका आहे त्यांनी जावं, अगदी शहराच्या मधोमध आहे, बाहेर १२० फुटी पोलादी बॅट उभी आहे, चुकणार नाही.

१८८४ वालं चटकन संपवते कारण त्यात दम नाही. १८८४ मध्ये बड हिलरिचने पीट ब्राउनिंग या खेळाडूला बॅट करून दिली ही कंपनी सांगते ती गोष्ट, पण तेव्हा ब्रॅड्सबी होता कुठे? आधी या बॅटला फॉल्स सिटी स्लगर म्हणायचे, लुईव्हिल स्लगर हे नाव नोंदवलं १८९४ मध्ये. १८९७ पासून नाव जे. एफ. हिलरिच अँड सन. फ्रँक ब्रॅड्सबी १९११ मध्ये आला आणि हिलरिच अँड ब्रॅड्सबी हे नाव झालं १९१६ मध्ये. म्हणजे लेबलवर ब्रॅड्सबी वाचता आलं की बॅट १९१६ च्या आधीची नाही, विषय संपला. आणि १९८० च्या आसपास अंडाकृती लेबलच्या मधलं कंपनीचं नाव जाऊन तिथे लुईव्हिल स्लगर आलं. वय काढायला खरी मदत होते ती या लेबलची, आणि नेमकं त्याबद्दलच मेसेजमध्ये चुकीचं लिहिलंय.

१२५ चं म्हणाल तर तो कॅटलॉग नंबर आहे, वरच्या दर्जाच्या मालाचा. १२५ वाल्या बॅटी दशकानुदशकं निघत होत्या, ढिगाने. "फक्त १२५ निघाल्या" ऐकून लोक पैसे मोजतात याचा मला फार राग येतो.

सहीचंही तेच. होनस वॅगनर या खेळाडूने १ सप्टेंबर १९०५ ला कंपनीशी करार केला तेव्हापासून खेळाडूंच्या सह्या बॅटवर जाळून उठवायला लागले, आणि त्या सहीच्या बॅटी दुकानात कोणत्याही पोराला मिळायच्या, खेळाडू निवृत्त झाल्यावरही मिळायच्या. सहीवरून एवढंच ठरतं की बॅट त्या खेळाडूच्या कराराच्या आधीची नाही. नॉबवर नुसती लांबी असेल तर ती दुकानातली समजा, मँटलच्या हातातली नव्हे.

आता सँडपेपर. बाकीच्या चुकांनी पैसे जातात, पण हा मुद्दा बॅटच घालवतो, आणि गेलेलं परत येत नाही. छाप जाळलेली असली तरी ती काही कोरीव काम नाही, फार वरवर असते, कागद चार वेळा फिरला की कडा बोथट होतात आणि अक्षरं गळायला लागतात. वरचं मूळ पॉलिश जातं. चेंडूच्या शिवणीचे ठसे जातात, हँडलवरचा काळा पाइन टार, म्हणजे पकडीसाठी लावलेलं चिकट डांबर, जातो, म्हणजे कोणी कसं धरून खेळलं याच्या सगळ्या खुणा जातात. आणि सगळ्यात वाईट ऐका. जुन्या काळी खेळाडू आपली आवडती बॅट कारखान्यात परत पाठवायचे, "अशीच दुसरी करा" म्हणून, तेव्हा तिथली माणसं बॅटच्या अंगावर मेणाच्या पेन्सिलीने नाव आणि कधीकधी तारीखही लिहून ठेवायची. त्या बॅटवर सालाचा सगळ्यात पक्का पुरावा तोच असतो, आणि मळ समजून लोक तो घासून काढतात! वरून तेल चोळलं की लाकूड काळपट होतं, मग तर मूळ रंग कुठला हेसुद्धा सांगता येत नाही. ज्याने हे लिहिलं त्याने आयुष्यात एक तरी जुनी बॅट हातात धरलीये का?

तुमच्याकडे अशी बॅट असेल तर कोरड्या मऊ फडक्याने धूळ पुसा, बाकी काही करू नका. लेबलचा, बॅरलवरच्या सहीचा आणि नॉबचा तिरप्या उजेडात फोटो काढा, तिरप्या उजेडात पुसट छापसुद्धा वाचता येते, कागद लागत नाही. लांबी मोजा. मग विचारा, मला विचारा, मी खरंच आनंदाने सांगेन, कोणाकडून पैसे घेत नाही.

दादाच्या बॅटचं म्हणाल तर लेबलच्या मधे हिलरिच अँड ब्रॅड्सबी आहे, मँटलची सही आहे, नॉबवर नुसता ३४. म्हणजे दुकानातली, मँटल खेळायला लागल्यापासून साधारण १९८० पर्यंत कधीतरी निघालेली. चारशे डॉलर जास्तच झाले. विकणाऱ्यानेही तोच मेसेज दाखवून भाव सांगितला होता म्हणे. वहिनीने जवसाच्या तेलाची बाटली गॅरेजमध्ये नेऊन ठेवली. काल दादाने फोटो पाठवला, बॅरलवरच्या सहीतलं "मिकी" गुळगुळीत झालंय, पांढरं लाकूड दिसतंय, "मँटल" मात्र अजून पूर्ण वाचता येतं, तिथपर्यंत कागद पोचला नव्हता.