चित्रकाराला घर कशाला, म्हणे!

सकाळपासून डोकं तापलंय. ग्रुपवर लिहिलं असतं तर भांडण पेटलं असतं, म्हणून इथे लिहितेय. लांबण लागणार आहे, सवडीने वाचा.

लेक येरेवानला, आर्मेनियाच्या राजधानीत, मेडिकलला आहे हे तुम्हाला ठाऊक आहेच. काल रात्री तिने फोटो पाठवले. मार्तिरोस सारियान या आर्मेनियन चित्रकाराचं घर, त्याला लागून बांधलेलं त्याचं म्युझियम, भिंतींवर ते झगझगीत पिवळे-निळे डोंगर आणि खाली फरशीवर फतकल मारून चित्रं काढणारी शाळेतली पोरं. मी हौसेने ते सोसायटीच्या ग्रुपवर टाकले. सकाळी बघते तर खाली एका गृहस्थांचा शेरा: 'लोकांना राहायला जागा नाही आणि चित्रकारांना बंगले बांधून देतायत. म्हणूनच असले देश मागे राहतात.' आणि त्यावर धडाधड अंगठे.

असले देश म्हणजे कसले हो?

तीस लाखांच्या आसपास वस्तीचा देश आहे तो. तिथे जर्दाळू घ्यायला बाजारात गेले तेव्हा पाकिटातल्या नोटा उलटसुलट करून बघितल्या होत्या. हजार द्रामवर कवी, पारुयर सेवाक. दोन हजारांवर बुद्धिबळाचा जगज्जेता तिग्रान पेत्रोस्यान. पाच हजारांवर लेखक, विल्यम सरोयान. दहा हजारांवर संगीतकार कोमितास, आणि वीस हजारांवर समुद्र रंगवणारा आयवाझोव्स्की. त्याआधीच्या वीस हजारांच्या नोटेवर हाच सारियान होता. माझ्या पाकिटात तरी कुणी राजा किंवा सेनापती आला नाही. ज्यांनी एवढे मार खाल्ले, १९१५ मध्ये ऑटोमन तुर्कांच्या राजवटीत ज्यांची गावंच्या गावं कापली गेली, ते लोक खिशात कवी आणि चित्रकार घेऊन फिरतात, आणि आपण त्यांना मागासलेले म्हणायचं?

लेकीची घरमालकीण आहे, सत्तरीला टेकलेली. पोरी तिला तातिक म्हणतात, म्हणजे आजी. मी गेले होते तेव्हा तिनेच आम्हाला सारियानच्या घरी नेलं. म्युझियमला जायचं तर या बाईने ठेवणीतला कोट काढला, लिपस्टिक लावली आणि लेकीकरवी मला सांगितलं, बूट पुसून घे. जणू सोयऱ्यांकडे निघालोय. आत गेल्यावर तिने सांगितलं की लहानपणी शाळेबरोबर ती इथे पहिल्यांदा आली तेव्हा चित्रकार हयात होता, शेजारीच राहत होता. बाईंनी पोरांना दटावलं होतं, हळू बोला, वार्पेत काम करतायत. वार्पेत म्हणजे उस्ताद, सारियानला तिथे सगळे तसंच म्हणतात. पोरं चिडीचूप झाली आणि भिंतीपलीकडून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला. बस, एवढंच. चित्रकार काही दिसला नाही. पण इतक्या वर्षांनी ती बाई बुटाची टाच फरशीवर घासून मला तो आवाज करून दाखवत होती. तिथल्या राखणीच्या बाईंनी डोळे वटारले तरी थांबली नाही.

हे म्युझियम उघडलं १९६७ च्या नोव्हेंबरात. सारियान तेव्हा ८७ वर्षांचा होता. त्यानंतर साडेचार वर्षं, १९७२ मध्ये जाईपर्यंत, स्वतःच्या म्युझियमच्या शेजारी राहून माणूस काम करत राहिला. मला सांगा, किती कलाकारांच्या नशिबी हे येतं?

आणि हे त्याला फुकट नाही मिळालं. जन्म आत्ताच्या रशियातल्या रोस्तोवजवळचा, शिकला मॉस्कोत. १९१५ मध्ये जीव वाचवून आलेल्या निर्वासितांसाठी धावत येरेवानजवळच्या एचमियाझिनला गेला. १९२१ मध्ये बोलावणं आलं तेव्हा बायकापोरांसह येरेवानला येऊन राहिला. तेव्हाचं येरेवान म्हणजे धुळीचं लहानसं गाव. सोव्हिएत आर्मेनियाच्या राजचिन्हात अरारात डोंगर काढला तो यानेच. १९२८ मध्ये पॅरिसचं प्रदर्शन आटोपून चित्रं जहाजाने परत येत होती, तेव्हा इस्तंबूलच्या बंदरात जहाजाला आग लागली. चाळीसेक चित्रं जळाली. दोनेक वर्षांचं काम गेलं. दुसरा कुणी असता तर ब्रश फेकून दिला असता. हा पुन्हा अरारात काढायला बसला. तोच डोंगर, जो येरेवानच्या गच्चीवरून रोज दिसतो आणि आज तुर्कस्तानात आहे, म्हणजे बघायचा पण हात लावायचा नाही. तातिकचे आजोबा आता तुर्कस्तानात असलेल्या वानच्या बाजूने चालत आले होते. तिच्या स्वयंपाकघरात फ्रिजच्या वर सारियानचा अरारात आहे, जुन्या कॅलेंडरमधून कापलेला, कडा तेलकट झालेल्या. त्या चित्राला ती नमस्कार वगैरे करत नाही. कांदा चिरता चिरता मान वर करून बघते.

आता कुणीतरी म्हणेलच, ते सोव्हिएत सरकार होतं, त्यांची त्यांची गणितं होती. होती, नाकारत नाही. त्याच राजवटीत येघिशे चारेन्त्स हा एवढा मोठा कवी १९३७ मध्ये तुरुंगात मेला. सारियानने १९२३ मध्ये त्याचं पोर्ट्रेट केलं होतं. आणि सेर्गेई पाराजानोव्ह! तिबिलिसीत वाढलेला आर्मेनियन सिनेमावाला. १९७३ ते ७७ चार वर्षं छावणीत डांबला त्याला. तिथे कॅमेरा नव्हता, तर दुधाच्या बाटल्यांची चांदीची झाकणं घेऊन त्यावर नखाने चेहरे कोरत बसला. मी पाहिलीत ती झाकणं येरेवानच्या त्याच्या म्युझियममध्ये. आपल्या रुपयापेक्षा थोडी मोठी, आणि त्यावर नाक, डोळे, दाढी सगळं. काचेला नाक लावून उभी होते मी, लेक दंड धरून ओढत होती, आई चल आता.

पण हे म्युझियम ज्या घरात आहे ते बघून पोटात तुटलं. सुंदर घर आहे, लाकडी सज्जे, खाली ह्राझदान नदीची दरी. तिथे त्याने राहायचं होतं. मध्येच १९८८ चा तो भीषण भूकंप झाला, काम रेंगाळलं. १९९० च्या जुलैत तो गेला आणि १९९१ मध्ये म्युझियम उघडलं. त्या घरात त्याची खुर्ची सरकल्याचा आवाज कुणाच्याच कानावर पडला नाही. लोक आज रांगा लावतात, हॅट्स आणि कोलाज बघून वेडे होतात, पण त्याला त्याचं काय!

म्हणून म्हणते, माणूस असताना करा ना! हात हलताहेत, डोळ्यांना दिसतंय, तोवर करा.

आणि आपल्याकडे काय करतात? मागच्या हिवाळ्यात माझ्या चित्रकलेच्या सरांना एका संस्थेने जीवनगौरव दिला. सर ऐंशीच्या पुढचे. फेटा झाला, शाल झाली, श्रीफळ झालं, मानपत्राचं वाचन झालं. पाहुण्यांची भाषणं संपता संपेनात आणि सर बोलायला उभे राहिले तर सूत्रसंचालिका घड्याळ दाखवायला लागली. अख्ख्या सभागृहात सरांचं एक चित्र नव्हतं. एक! मागच्या फ्लेक्सवर पाहुण्यांचे फोटो हातभर आणि सर कोपऱ्यात. मी रडवेली होऊन घरी आले होते. न करण्यापेक्षा बरं, असं सरच मला फोनवर म्हणाले. असेल बरं. पण ज्या कामासाठी बोलावलं ते काम कुणी पाहिलंच नाही, तर गौरव कसला केलात?

तातिकला सारियानची चित्रं पाठ आहेत. कुठल्या दालनात कुठलं ते न बघता सांगते. ती काही समीक्षक नाही, पाव भाजायच्या कारखान्यात नोकरी केली तिने आयुष्यभर.

राहता राहिला तो घरांचा मुद्दा. खरा आहे. २०२३ च्या सप्टेंबरात अझरबैजानच्या हल्ल्यानंतर नागोर्नो-काराबाख या आर्मेनियन वस्तीच्या भागातून लाखावर माणसं आठवडाभरात अंगावरच्या कपड्यांनिशी आर्मेनियात आली. देश श्रीमंत नाही, भाडी भडकली, लेकीचंही वाढलं. पण मग पुढचंही ऐका. त्या हिवाळ्यात तातिकच्या पुढच्या खोलीत तिकडून आलेलं एक कुटुंब राहत होतं, भाड्याचं नावही न काढता. त्यांच्यातली धाकटी पोर बोलायचीच नाही. तातिक तिला रविवारी कोट घालून कुठे न्यायची, माहितेय? सारियानच्या घरी. फरशीवर टाच घासून तो आवाज तिलाही करून दाखवला असणार, मला खात्री आहे. जिने स्वतःच्या घरातली खोली दिली तिला ते म्युझियम पैशाची नासाडी वाटत नाही, आणि इथे तीन बेडरूममध्ये बसून अंगठे देणाऱ्यांना वाटते.

जाऊ दे. लिहिता लिहिता राग उतरला थोडा. त्या गृहस्थांनी येरेवान पाहिलेलं नाही, सारियानही पाहिलेला नाही. कधी घरी आले तर चहा देऊन फोटो मोठे करून दाखवीन.

सरांच्या माळ्यावर त्यांची चित्रं जुन्या चादरींत बांधून ठेवलीत. मागे गेले तेव्हा एका गठ्ठ्याला वाळवी लागलेली दिसली. सर अजून रोज सकाळी कागद घेऊन बसतात. मी त्यांना विचारलंय, ते हो म्हणालेत. येत्या रविवारी सकाळी नऊला आपण तिथे जमून सगळे गठ्ठे सोडायचे, चित्रं साफ करायची, प्रत्येकाचा नीट फोटो काढायचा आणि कुठलं कधी काढलं ते सरांकडूनच लिहून घ्यायचं. मग दिवाळीआधी कुणाच्या तरी हॉलमध्ये, शाळेत, कुठेही, भिंतीवर लावू. फेटा नको, पाहुणे नकोत. चांगला कॅमेरा असलेलं कुणी हवंय, माळ्यावर चढणारी दोन तरुण पोरं हवीत. कोण येतंय ते खाली लिहा, पत्ता इनबॉक्समध्ये देते.