नातवाला आजीपासून सुरक्षित अंतरावर कसे ठेवावे

समजा, आपण दुबईत राहणारे सुस्थित अरब पालक आहात आणि आपल्या मुलाच्या तोंडून चुकूनही एखादे धड अरबी वाक्य बाहेर पडू नये, अशी आपली मनापासून इच्छा आहे. मी परका, मराठी माणूस असूनही आपल्याला मार्गदर्शन करू धजतो आहे, कारण गेल्या १८ डिसेंबरला, म्हणजे जागतिक अरबी भाषा दिनी, माझ्या मुलीच्या शाळेत या शास्त्राचे प्रात्यक्षिक मला जवळून पाहायला मिळाले. अरबी दिनाचे परिपत्रक इंग्रजीत आले होते, सूत्रसंचालन इंग्रजीत झाले आणि एका गोड अमिराती मुलाने मातृभाषेच्या थोरवीवरचे भाषण ज्या कागदावरून वाचले, तो रोमन लिपीत लिहिलेला होता. रोमन लिपीत न बसणाऱ्या अरबी अक्षरांच्या जागी त्यात ३ आणि ७ हे आकडे पेरले होते.

नंतर प्रदर्शनात तो मुलगा आपला प्रकल्प आजीला समजावून सांगू लागला, तोही इंग्रजीतच. चेहऱ्यावर जुन्या वळणाचा सोनेरी बत्तूला, म्हणजे अरबी बायकांचा मुखवटा, घातलेल्या त्या आजी आधी त्याच्याकडे आणि मग माझ्याकडे पाहू लागल्या. कस्टमच्या कारकुनांशी हुज्जत घालून घालून मला जी अरबी आली आहे, तिच्यात ‘कंटेनर अडकला’, ‘शिक्का राहिला’ आणि ‘उद्या या’ एवढेच पक्के आहे. तेवढ्या भांडवलावर मी एका आजीला तिचाच नातू भाषांतर करून दिला. प्रकल्पाचा विषय होता समुद्रात बुडी मारून मोती काढणारे खलाशी. आजींचे वडील त्याच बोटींवर होते. पाणबुड्या नाकाला चिमटा कसा लावत असे, हे त्या स्वतःचे नाक दाबून दाखवत होत्या आणि नातू विनम्रपणे ‘ओके, ओके’ म्हणत फलकावरचे छापील इंग्रजी वाक्य वाचत होता.

हे यश एका दिवसात मिळत नाही. प्रारंभ पाळण्यापासूनच करावा. मूल दिवसभर आयाच्या मोडक्या इंग्रजीच्या स्वाधीन करावे आणि संध्याकाळी आपण घरी आल्यावर, तिच्यापेक्षा किंचित बऱ्या इंग्रजीत, त्याला दिवसभराची हकीकत विचारावी.

अरबीचा तास शुक्रवारी अर्ध्या दिवसाच्या शाळेत अगदी शेवटी ठेवावा.

अरबीच्या शिक्षकाने पहिल्याच महिन्यात धातूंची रूपे घोकून घ्यावीत आणि मुलाने घरची बोली काढताच ‘हे चूक आहे’ असे सांगावे, म्हणजे घरचे चूक आणि पुस्तकातले अवघड अशा पेचात सापडून ते आपोआप तिसऱ्या भाषेकडे वळते. इंग्रजीच्या मानाने अरबीचे अध्यापन मागे आहे, असे तपासणी अहवालात आलेच, तर अहवाल व्यवस्थित फायलीला लावावा.

वाढदिवसाला अरबी गोष्टीचे पुस्तक देऊ नये. तेवढ्या वेळात आयईएल्टीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी होते.

विज्ञान आणि गणित मात्र इंग्रजीतच हवे, याबाबत कोणतीही तडजोड करू नये. अबू धाबीने २०१० साली सरकारी शाळांत नवी पद्धत आणून पाश्चात्त्य देशांतून शिक्षक भरले आणि लहान मुलांना हे दोन्ही विषय इंग्रजीत शिकवायला घेतले, ते उगीच नव्हे. अरबीत विज्ञान मावत नाही, हे सर्वांना ठाऊक आहे. अल्-ख्वारिझ्मीने नवव्या शतकात बगदादमध्ये बीजगणितावरचा ग्रंथ अरबीत लिहिला, हा निव्वळ अपघात समजावा. इजिप्तचा राज्यकर्ता मुहम्मद अली याच्या काळात, १८२७ साली, कैरोजवळ अबू झाबल येथे वैद्यकीय शाळा निघाली आणि फ्रेंच डॉक्टरांची व्याख्याने दुभाष्यांमार्फत अरबीत दिली गेली, हेही विसरावे. बैरूतच्या आजच्या अमेरिकन विद्यापीठाची स्थापना १८६६ ची. तेथे वैद्यक आधी अरबीत शिकवत आणि इंग्रजी नंतर आली, हे तर मुलांना कळूच देऊ नये. सीरियातल्या दमास्कस विद्यापीठात आजही डॉक्टर अरबीतून घडतात. जर्मनीतील परदेशी डॉक्टरांमध्ये सर्वांत मोठा गट सीरियन डॉक्टरांचा आहे. त्यांनी अरबीत शरीरशास्त्र शिकून मग जर्मन भाषा आत्मसात केली आणि जर्मन रुग्णांना त्यात काही खटकत नाही. मग खटकते कोणाला? ज्यांना शाळेच्या माहितीपत्रकावर ‘ब्रिटिश अभ्यासक्रम’ छापून फी वाढवायची आहे, त्यांना! मूल अपूर्णांकांचा विचार एका भाषेत करते, रडते दुसऱ्या भाषेत आणि प्रार्थना करते तिसऱ्या, न समजणाऱ्या भाषेत. आणि याला ‘जागतिक नागरिक’ म्हणतात!

मुंबई-पुण्याच्या वाचकांना हे ओळखीचे वाटत असेल, तर तो माझा दोष नव्हे.

आता उपरोध पुरे. इंग्रजी शिकवू नका, असे कोणी म्हणत नाही. या शहरात तिच्यावाचून पान हलत नाही. पण स्वतःच्याच देशातल्या विद्यापीठात शिरायला मुलांना आधी इंग्रजीच्या पायाभूत वर्गात अडकवून ठेवणे, हा शुद्ध अन्याय होता आणि कतारला तो उमगला: २०१२ साली तेथे कतार विद्यापीठातील कायदा, व्यवस्थापन, माध्यमे अशा शाखा पुन्हा अरबीत आणल्या गेल्या. सरकारे चुका करतात, कधी सुधारतातही. तुमचे काय? ‘आमच्या मुलाला अरबी वाचायला जमतच नाही’ हे तुम्ही चारचौघांत हसत हसत सांगता, त्यात कौतुक कसले? दुबईच्या न्यायालयाचे कामकाज अरबीत चालते. उद्या तुमच्याच मालमत्तेचा निकाल हाती पडला, तर तुमचा मुलगा तो पैसे मोजून दुभाष्याकडून वाचून घेईल. बसमधला एसी बिघडला, तर तुम्ही शाळेचा फोन तापवता. पालकसभेत गणिताच्या शिक्षकासमोर ताटकळत उभे राहता, मग अरबीच्या शिक्षकाला भेटायला तुम्हाला पाच मिनिटे का मिळत नाहीत? फी तुम्ही भरता, मूल तुमचे आहे, आणि घरात कोणती भाषा बोलायची यासाठी कुठल्याही मंत्रालयाची परवानगी लागत नाही. आज रात्री जेवताना मुलाशी अरबीत बोला. तो इंग्रजीत उत्तर देईल, तोंड वेडेवाकडे करील, तरीही अरबीतच बोला.