भीमबेटकाची चित्रं एक लाख वर्षांची नाहीत

व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणारा मजकूर असा : ‘भोपाळजवळ भीमबेटकाला आदिमानवाने एक लाख वर्षांपूर्वी पानाफुलांच्या रंगांनी चित्रं काढली, रंग आजही जसाच्या तसा. तिथेच ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा जीवाश्म सापडला.’ सोबत फोटो बहुधा घोडेस्वारांचा.

लाख वर्षांचा आकडा भिंतीचा नाही, जमिनीचा. पुरातत्त्वज्ञ वि. श्री. वाकणकरांनी १९५७ मध्ये हे शैलाश्रय, म्हणजे कड्याखालचे खडकातले निवारे, उजेडात आणले. सत्तरच्या दशकात त्यांनी आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या वि. ना. मिश्र यांनी तिथे उत्खनन केलं. तळाकडे क्वार्ट्झाइट या कठीण दगडाच्या हातकुऱ्हाडी निघाल्या. वरच्या थरांत मध्याश्मयुगीन (अश्मयुगाच्या मधल्या टप्प्यातली) सूक्ष्मास्त्रं होती : कॅल्सेडनी या गारेसारख्या दगडाची छोटी पाती, त्रिकोण, अर्धचंद्र. अशी पाती लाकडाच्या किंवा हाडाच्या खाचेत डिंकाने बसवली की बाण तयार. तळाच्या हातकुऱ्हाडीचं वय भिंतीवरच्या हरणाला चिकटवलं, गफलत इथेच झाली.

चित्राचं वय काढणं मुळात अवघड. तांबडा रंग गेरूचा, म्हणजे लोहाच्या ऑक्साइडचा. त्यात कार्बन नाही, म्हणून कार्बनवरून वय काढणारी रेडिओकार्बन पद्धत चालत नाही. चित्रावर चुन्याचं कवच धरलं असतं तर युरेनियम-थोरियम पद्धतीने किमान वय कळलं असतं, पण हा खडक वालुकाश्म. उरतं काय? कोणतं चित्र कोणावर रंगवलंय, शैली कोणती, हातात वस्तू कोणत्या. त्यावरून अंगभर रेषा-जाळी भरलेले गवे, हरणं आणि धनुर्धारी शिकारी मध्याश्मयुगात, म्हणजे ढोबळमानाने गेल्या १० हजार वर्षांत धरले जातात. काही हिरवी चित्रं त्याहून जुनी असावीत, असं वाकणकरांचं मत. त्यावर एकमत नाही. घोड्यावरचे ढाल-तलवारवाले मात्र सरळ ऐतिहासिक काळातले. त्यांना आदिमानव म्हणणं म्हणजे कहरच!

पानाफुलांचा रंग एवढा टिकत नाही, उन्हात उडतो. गेरू आणि पांढरी माती टिकली, कारण ती खनिजं आहेत आणि वर पुढे आलेला कडा पाऊस अडवतो. तरी रंग ‘जसाच्या तसा’ नाहीच. कित्येक चित्रं पुसट झालीत. फोटो उठावदार यावा म्हणून त्यांवर पाणी शिंपडू नये. पाणी वाळताना खडकातले क्षार पृष्ठभागावर येतात, पांढरी साय धरते, पापुद्रे सुटतात. डीस्ट्रेच सॉफ्टवेअरने साध्या फोटोतूनही पुसट रंग वर काढता येतो.

जीवाश्माचं प्रकरण छोटं. २०२१ मध्ये एका शोधनिबंधात सभामंडपासारख्या मोठ्या शैलाश्रयाच्या छतावरचा ठसा डिकिन्सोनियाचा, म्हणजे त्या ५५ कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा, म्हणून जाहीर झाला. २०२३ मध्ये दुसऱ्या गटाने दाखवून दिलं की ते खडकावरून सुटत चाललेलं, कुजलेलं मधमाश्यांचं पोळं आहे. मूळ निबंधाच्या प्रमुख लेखकानेही ते मान्य केलं.