दोन शेंगदाण्यांचा हिशेब

आमच्या भडंगाच्या पाकिटावर आत किती माल आहे ते ठळक छापलेलं असतं. २०० ग्रॅम. त्यात कमी भरलं तर वजनमापवाले दारात उभे. पण ते पाकीट स्वतः किती ग्रॅमचं, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर आम्ही त्या माणसाला चहा पाजून, बसस्टँडवर सोडून आलो असतो.

मी सांगलीजवळच्या एका भडंग-मसाले-लोणच्याच्या कारखान्यात हिशेब बघतो. उलाढाल ५० कोटींच्या पुढे गेली तेव्हा आमच्या मालकांनी, म्हणजे आबांनी, अख्ख्या एमआयडीसीत पेढे वाटले. पेढे संपायच्या आत सल्लागार आले. एक पेढा तोंडात टाकून म्हणाले, "आबासाहेब, आता तुम्ही लघुउद्योग राहिला नाहीत." आबा चक्क लाजले. त्यांना वाटलं, कौतुक चाललंय.

प्लास्टिक कचऱ्याचे नियम २०१६ चे. फेब्रुवारी २०२२ मध्ये त्यांना एक नवं शेपूट जोडलं गेलं: पाकिटावर ज्याचं नाव, त्यानं बाजारात सोडलेल्या प्लास्टिकचा हिशेब द्यायचा आणि तेवढं प्लास्टिक मार्गी लागल्याचं दाखवायचं. याला इंग्रजीत ईपीआर म्हणतात, आबा 'इपियार' म्हणतात. सूक्ष्म आणि लघु ब्रँडवाल्यांना यातून सूट होती आणि लघुउद्योगाची रेघ तेव्हा ५० कोटींवर होती. (एप्रिल २०२५ पासून ती १०० कोटींवर नेली. हे आबांना सांगायचं धाडस मी अजून केलेलं नाही. पेढ्यांचं बिल माझ्याकडेच आहे.)

पहिला पेच नोंदणीचा. एकदोन राज्यांत विक्री असेल तर राज्याच्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे जायचं, दोनाहून जास्त राज्यं झाली की केंद्राच्या. आमचं महाराष्ट्र आणि कर्नाटक, म्हणजे काठावर पास. तेवढ्यात आठवलं, आबांच्या मेहुण्याचं म्हापशात दुकान आहे आणि दर महिन्याला बारा खोकी तिकडे जातात. त्या बारा खोक्यांनी आम्हाला दिल्लीच्या दारात नेऊन उभं केलं. आबा रात्री मेहुण्याशी फोनवर काय बोलले ते कळलं नाही, पण वहिनी दोन दिवस माहेरी होत्या.

मग वर्गवारी. लोणच्याची बरणी कडक प्लास्टिकची, ती पहिल्या वर्गात. भडंगाचं पाकीट थरांचं, पण सगळे थर प्लास्टिकचेच, म्हणून दुसऱ्या. मसाल्याच्या पाकिटात मध्ये ॲल्युमिनियमची फॉइल, म्हणून ते तिसऱ्या. बरणीला भंगारवाला पैसे देतो, फॉइलच्या पाकिटाकडे तो वळूनही बघत नाही. वर्ग कसे पाडलेत ते मला नियम वाचून नाही, भंगारवाल्याचं तोंड बघून कळलं.

खरी गंमत वजनाची. आबा म्हणाले, "त्यात काय? पाकिटांच्या प्लास्टिकचा रोल आपण किलोनं घेतो. बिलांची बेरीज मार."

मारली. भडंगाच्या रोलची वर्षाची बेरीज ३६,९०० किलो. पण विकलेली पाकिटं ८० लाख. मग एक पाकीट किती ग्रॅमचं? पॅकिंग खात्यातला मालाचा काटा पाच ग्रॅमच्या खाली काही ओळखतच नाही. शेवटी सराफ कट्ट्यावरच्या एका ओळखीच्या सराफांकडून त्यांचा नाजूक काटा उसना आणला. त्यांनी विचारलं, "काय मोजायचंय?" म्हटलं, "रिकामी पाकिटं." त्यांनी माझ्याकडे बघून काटा दिला खरा, पण पावती लिहून घेतली.

पंखा बंद केला, खिडक्या लावल्या. एप्रिल महिना, सांगली. दहा पाकिटं काट्यावर ठेवली: ४३.७ ग्रॅम. म्हणजे एकाचे ४.३७. ८० लाखांनी गुणलं, ३४,९६० किलो. रोलच्या बेरजेतून वजा केलं, उरले १,९४० किलो. आबा माझ्याकडे बघायला लागले. दोन टन प्लास्टिक गेलं कुठं?

एवढ्यात पॅकिंगच्या शांताक्का आल्या. त्यांनी एक पाकीट उचलून हातावर उलटं केलं. आतून दोन शेंगदाणे पडले. मशिन चालू असताना पाकिटं काढून घेतली होती ना! पुन्हा मोजलं: ४२.७. पाकिटामागे एक दशांश ग्रॅमचा फरक, गुणिले ८० लाख, बरोबर ८०० किलो. गहाळ माल आता १,९४० नाही, २,७४० किलो! शांताक्कांनी तोवर पुरावा तोंडात टाकला होता.

"सायेब, त्यो माल कुटं जातोय म्हून काय विचारताय," त्या म्हणाल्या, "सकाळी मशिन सुरू करताना दोनशे पाकिटं वाकडीच येत्यात. रोलचा जोड आला की आनि जात्यात. छपाई सरकली की आनि. मागल्या शेडात पोती हायती की."

पोती होती. सतराशे किलो भरली. उरलेल्या हजारेक किलोंचा शोध घ्यायला मी संध्याकाळी गावातून चक्कर मारली आणि पुढचं कोडं आपोआप सुटलं. वॉचमनच्या खोपटावर आमचा रोल. मोटारसायकलींच्या सीटवर आमचा रोल. एका गोठ्याच्या छपरावर तर आमचं नाव उलटं, आणि खाली म्हैस निवांत रवंथ करतेय. नियमात 'ग्राहकापर्यंत पोचण्याआधीचा कचरा' असा रकाना आहे, तोही दोन वर्षांच्या सरासरीनं हिशेबात धरायचा असतो. म्हैस ही ग्राहक आहे की ग्राहकाच्या आधीची, यावर सल्लागारांनी फी न वाढवता मत द्यायला नकार दिला.

बाकीचं सोपं, म्हणजे नुसतं महाग. २०२३-२४ पासून उद्दिष्ट शंभर टक्के. जितकं सोडलं तितकं मार्गी लागल्याची प्रमाणपत्रं प्लास्टिक कचऱ्यावर प्रक्रिया करणाऱ्या नोंदणीकृत मंडळींकडून घ्यायची आणि वार्षिक विवरणपत्र ३० जूनच्या आत पोर्टलवर चढवायचं. बनावट प्रमाणपत्रांचं प्रकरण पेपरात वाचल्यापासून आबा प्रत्येक प्रमाणपत्र नोटेसारखं उजेडात धरून बघतात. पीडीएफ असलं तरी. प्रिंट काढून.

विवरणपत्र भरलं, पोचपावती आली, आबांनी ती देवासमोर ठेवली. म्हणाले, "पुढल्या वर्षी ही कटकटच नको. लोणचं काचेत भरू, मसाला पत्र्याच्या डब्यात, भडंग कागदात."

कागद, काच आणि धातूच्या वेष्टनांसाठीही अशाच नियमांचा मसुदा डिसेंबर २०२४ मध्ये निघाला, तो माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मी आबांना काही बोललो नाही. फक्त सराफांचा काटा परत करायला निघालेल्या पोराला गेटवरून माघारी बोलावलं.