नाक, विमा आणि हप्ते : फोंड्याच्या ताईंना उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया लांब आहे, तेव्हा उत्तरही लांबणार. कॉस्मेटिक सर्जरीच्या खर्चावरच्या लेखाखाली तुम्ही तीन आरोप केलेत. मी लग्नाच्या मुलींना कर्ज काढून नाक सरळ करायला शिकवते. विमा पैसे देत नाही हे मी खोटं लिहिलं, कारण तुमच्या पुतण्याला ते मिळाले. आणि हा लेख कुठल्यातरी क्लिनिकने लिहून घेतलेला असावा.

आधी पुतण्या. तुम्हीच लिहिलंय की स्कूटरवरून पडून त्याचं नाक मोडलं होतं. मग पैसे मिळणारच. रूप बदलण्यासाठीची शस्त्रक्रिया आरोग्य विम्यात बसत नाही, पण अपघात, भाजणं, कर्करोग यांनंतरची दुरुस्ती बसते. जीएसटीतही जवळपास हीच रेघ आहे. जन्मजात व्यंग किंवा इजा असेल तर कर माफ. दिसण्यासाठी केलं तर १८ टक्के. म्हणजे डॉक्टर तोच, ऑपरेशनचं टेबल तेच, बिलं मात्र दोन तऱ्हेची. दुभंगलेल्या ओठाच्या बाळाला कुणी फॅशनच्या रांगेत बसवू नये, म्हणून हे सविस्तर सांगते. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड तीन माणसांपर्यंतच्या कुटुंबाला अडीच लाखांचं आणि मोठ्या कुटुंबाला चार लाखांचं संरक्षण देतं खरं, पण ठरावीक शस्त्रक्रियांच्या यादीपुरतंच. अशा रुग्णाला आधी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात (गोवा मेडिकल कॉलेजात) दाखवा, खाजगीत दर विचारायला नंतर जा.

आता कर्ज. सल्ला मी दिला नव्हता, हिशेब दिला होता. तो पुन्हा मांडते; आकडे उदाहरणाचे आहेत. क्लिनिकने १,२०,००० सांगितले. त्यावर जीएसटी २१,६००, एकूण १,४१,६००. सोळा टक्क्यांनी दोन वर्षांचं कर्ज काढलं तर हप्ता ६,९०० च्या वर जातो आणि फेडेपर्यंत १,६६,००० जातात. प्रोसेसिंग फी वेगळी. रक्ततपासण्या आणि भूलतज्ज्ञाची फी सांगितलेल्या रकमेत आहे की नाही, ते विचारल्याशिवाय बहुतेकदा कळत नाही. बिनपगारी रजा तर कुठल्याच कोटेशनमध्ये नसते. त्यात नाकाची सूज पूर्ण उतरायला वर्षभर लागतं. मनासारखं झालं नाही आणि पुन्हा टेबलावर जायचं ठरलं, तर पहिल्या नाकाचे हप्ते संपायच्या आत दुसऱ्याचे सुरू.

'नो कॉस्ट ईएमआय'चा, म्हणजे बिनव्याजी हप्त्यांचा, बोर्ड पाहून भुलू नका. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलंय. ते व्याज कुठेतरी किमतीत मुरवलेलं असतं. म्हणून काउंटरवर सरळ विचारायचं, 'रोख दिले तर किती कमी?' उत्तर यायला वेळ लागला की ओळखा.

पण तुमच्या प्रतिक्रियेतलं खरं खुपलं ते एक वाक्य : 'असल्या गोष्टी उघड लिहायच्या नसतात.' ताई, महाग पडतं ते इथेच. आपल्या गावात सोसायटीचं कर्ज काढायचं तर जामीनदार लागतो. जामीनदार म्हणजे काका नाहीतर शेजारी, आणि तो विचारणारच, 'कशाला गो पैसे?' नाकासाठी, असं कोण सांगणार? मग मुलगी आईला न सांगता बांगड्या गहाण ठेवते, किंवा मोबाइलवरच्या ॲपवरून रात्रीच्या रात्री कर्ज उचलते. स्वस्त वाट लाजेने बंद होते आणि महाग वाट उघडी राहते. चवथीला घर रंगवायला, लग्नात हॉल घ्यायला आपण खुशाल कर्ज काढतो, कारण ते चारचौघांत सांगता येतं. (दिसण्यासाठीच काढतो तेही, पण असो.)

ॲपवरूनच घेणार असाल तर निदान 'की फॅक्ट स्टेटमेंट' मागा. ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जांना ते सक्तीचं आहे. सगळी फी धरून खरा वार्षिक दर त्यात एका आकड्यात दिसतो. डिजिटल कर्जाला कूलिंग-ऑफ मुदतही द्यावी लागते. तेवढ्यात मन बदललं तर मुद्दल आणि झालेल्या दिवसांचा खर्च भरून मोकळं होता येतं.

माझं मत विचाराल तर, हप्त्यावर करावं असं हे काम नाही. आधी साठवा. भिशी लावा, आवर्ती ठेव काढा. पैसे जमायला लागेल तेवढा काळ इच्छा टिकली तर ती खरी. पण ज्या मुलीने ठरवलंच आहे, तिला ओरडून तिचं व्याज कमी होत नाही.

क्लिनिकच्या आरोपाबद्दल : लेखात एकाही क्लिनिकचं नाव नाही, पुढेही येणार नाही. तुमची प्रतिक्रिया काढलेली नाही. पुतण्याच्या बिलात जीएसटी लावला होता का, तेवढं बघून कळवा. लावला असेल तर बिल देणाऱ्यांना कारण विचारायला हवं.